आधी पाणी, मग गॅस

"भाऊ, गॅस संपला वाटते. टाकून द्या बरं." एप्रिल लागला की खामगावातल्या माझ्या एसीच्या दुकानात दिवसभर हेच ऐकू येतं. मी सिलिंडरला हात लावत नाही. टॉर्च घेतो आणि पुढच्या ग्रिलमधून आत पाहतो. आमच्या भागातलं दुखणं बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढे ॲल्युमिनियमची जी जाळी दिसते तो कंडेन्सर. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो गोल फिरत राहतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो गाडीतली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तो पातळ होतो. उष्णता जाते ती गरमाकडून थंडाकडेच. त्यामुळे बाहेर ४४ अंश असताना आतला गॅस त्याहून बराच गरम, ६० अंशांच्या घरात असावा लागतो. बहुतेक गाड्यांत असणाऱ्या आर-१३४ए गॅसला त्या तापमानाला पातळ व्हायला सुमारे २३० पीएसआय दाब लागतो. टायरमध्ये आपण ३०-३५ भरतो, त्यावरून अंदाज घ्या. आणि हा आकडा जाळीतून हवा मोकळी जात असतानाचा. जाळी चोंदली की दाब वर चढतो, शेवटी प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. थोडा वेळ थंड, थोडा वेळ गरम, असं सुरू होतं.

अशा गाडीत आणखी गॅस भरला तर दाब वाढतोच. गेज लावलं की खरं कळतं. गॅस कमी असेल तर निळा आणि लाल, दोन्ही काटे खाली बसलेले असतात. लाल काटा वाजवीपेक्षा वर असेल तर पाण्याचा पाइप घ्यावा.

घरीही एक परीक्षा करता येते. दुपारी गाडी जागेवर चालू ठेवायची, एसी लावायचा आणि ग्रिलमधून कंडेन्सरवर हलकी धार सोडायची. हात मात्र पंख्यापासून लांब. मिनिटभरात आत गारवा वाढला, तर दोष कंडेन्सरच्या सफाईचा नाहीतर त्याच्या पंख्याचा. हायवेवर थंड आणि रेल्वे गेटवर थांबलं की गरम, अशी तक्रार असेल तर मी आधी पंखाच पाहतो. धावत्या गाडीला वाऱ्याचा आधार असतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा.

बुलढाणा शहरातल्या मंडळींना हे उशिरा कळतं. शहर डोंगरावर, हवा जरा बरी. अर्धा चोंदलेला कंडेन्सरही तिथं निभावून नेतो. राजूरचा घाट उतरून मलकापूरकडे लागलं की त्याचं पितळ उघडं पडतं. मग फोन येतो, "कालपर्यंत बराबर होता ना!"

आता कचऱ्याविषयी. हा कापसाचा मुलूख. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की कापसाच्या गाड्यांमागून चालणारी प्रत्येक कार थोडा कापूस नाकाने ओढते. त्याआधी सोयाबीनचं कुटार उडालेलं असतं, पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा चिखल बसलेला असतो. मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धीवर रात्री १२०च्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर किड्यांचा थर असतो. किडे निदान समोर दिसतात. कापसाचे तंतू कंडेन्सरमधून पार होऊन मागच्या रेडिएटरवर अडकतात आणि दोघांमधल्या फटीत धूळ-तेल धरून त्यांचा चक्क नमदा तयार होतो. पुढून जाळी स्वच्छ, एसी मात्र गरम, शिवाय इंजिनही तापतं. मग रेडिएटर सैल करून फट मोकळी करावी लागते. कामाला अर्धा दिवस जातो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते टाळून गॅसच भरला जातो.

धुण्याची रीत सोपी आहे, पण सवडीने करायची. इंजिन बंद आणि पूर्ण थंड हवं. तापलेल्या गाडीचा पंखा अचानक फिरू शकतो. वाळलेला कचरा मऊ ब्रशने, फिन ज्या दिशेने उभ्या आहेत त्याच दिशेने झाडायचा. मग बागेच्या पाइपची साधी धार. जिथं हात पोचेल तिथं ती इंजिनाकडून पुढे मारावी, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून नको. या फिन कागदासारख्या पातळ. एकदा आडव्या झाल्या की हवा तिथंच अडते. बाथरूमचं ॲसिड किंवा कॉस्टिक तर मुळीच नको, ते ॲल्युमिनियम खातं. माझ्या मते आपल्याकडे दोनदा धुतलं की पुरे: सोयाबीनचा हंगाम आटोपला की एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा.

धुताना जाळीवर तेलकट डाग दिसला तर थांबा. उडालेल्या खड्याने नळीला छिद्र पडलं की गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. तिथं गॅस खरंच कमी झालेला असतो, पण गळती न काढता दरवर्षी तो भरत राहणं म्हणजे पैसा हवेत सोडणं. शिवाय हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट हवा तापवतो. नायट्रोजन भरून गळती शोधावी, गरज असेल तर कंडेन्सर बदलावा, व्हॅक्यूम काढावा आणि कंपनीने बॉनेटखाली लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून घालावा.

खडे-किडे अडवायला काही जण ग्रिलमागे जाळी बसवतात. मोठ्या छिद्रांची असेल तर चालते, फक्त तीही झाडत राहावी लागते. खिडकीची मच्छरजाळी लावलेली दिसली, तर मी ती कापून काढतो आणि मगच गेज जोडतो.