विटेच्या भिंतीला रंग देण्याआधी

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी अशी गावे येत जातात. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच डाळिंबाची बाग आणि वाड्यावस्त्यांवर नवी घरे. यातल्या बऱ्याच घरांचे रूप सारखेच असते. आत गिलावा झालेला, फरशी बसलेली, खिडकीला पडदा लागलेला. बाहेरून मात्र लाल वीट उघडी. हौस म्हणून ती उघडी ठेवलेली नसते. पैसे तिथपर्यंत पुरले नाहीत, एवढेच. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान आणि किमान २५ चौरस मीटरचे घर असे ठरले. तेवढ्यात पाया, भिंती, स्लॅब आणि दारे-खिडक्या उरकल्या की बाहेरच्या गिलाव्याची पाळी येईपर्यंत हात रिकामा होतो. मग वर्ष जाते, दोन वर्षे जातात. घरात लग्नाची बोलणी निघाली किंवा ईद जवळ आली की अम्मी विषय काढतात, "अहो, निदान एक हात रंगाचा तरी मारून घ्या. किती दिवस असे उघडे घर ठेवायचे?"

तो 'एक हात रंगाचा' हाच या लेखाचा विषय आहे. गिलाव्यावर दिलेला रंग खराब झाला तर खरवडता येतो. विटेवर थेट दिलेला रंग मात्र पुन्हा काढता येत नाही. तो विटेच्या छिद्रांत शिरतो. तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश यंत्राने काढायला गेलो तर रंगाबरोबर विटेची भाजलेली वरची पापडीही निघते, आणि तीच तर विटेची ढाल असते. म्हणून आमचे म्हणणे असे, की दुकानात शेड कार्ड उघडण्याआधी आठ दिवस भिंतीकडे नीट पाहावे.

वीट म्हणजे भाजलेली माती. मातीतल्या लोहामुळे तिला लाल रंग येतो आणि भट्टीत ती जिथे लागली तसा तिचा गुण ठरतो. आगीला फार जवळची ती वाकडी, काळपट खंगर. दूरची ती पिवळट, कच्ची. मधली ती पक्की. दोन पक्क्या विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो आणि नखाने ओरखडा उठत नाही. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साधी वीट २४ तास पाण्यात ठेवल्यावर तिने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. हे घरीही तपासता येते. बांधकामातून उरलेली एक कोरडी वीट किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावी, एक दिवस-रात्र बादलीत बुडवावी, पुसून पुन्हा तोलावी. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या पुढे गेली तर ती फार पाणी पिते असे समजावे. अशा विटेच्या भिंतीला संरक्षणाची गरज नक्की आहे, पण ते कोणते, हा पुढचा प्रश्न.

आपल्या भागात या प्रश्नाला एक खास बाजू आहे, ती म्हणजे मीठ. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि दुष्काळी टापूत ऊस उभा राहिला. इंदापूर तालुक्यात पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. काळ्या, चिकट जमिनीला वर्षभर पाटाचे पाणी मिळाले, निचरा मात्र पुरेसा झाला नाही. पाण्याची पातळी वर आली, ऊन लागून पाणी उडून गेले आणि त्यातले क्षार जमिनीच्या अंगावर राहिले. खारवटलेल्या, चोपण झालेल्या जमिनीचे दुःख इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. नेमकी तीच गोष्ट भिंतीत घडते, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. जोत्यातून ओल वर चढते, विटा भिजवायला आणि बांधकामावर मारायला बोअरचे मचूळ पाणी वापरलेले असते, सिमेंटचे स्वतःचे क्षार असतात. पाणी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला येऊन उडून जाते आणि मागे पांढरी भुकटी राहते. गावात म्हणतात, भिंतीला लोणा लागला.

उघड्या विटेवर हा लोणा दिसतो, तेवढाच. दिसायला वाईट, पण झाडून टाकता येतो. त्याच भिंतीवर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग दिला की मिठाची वाट अडते. मग ते रंगाच्या पाठीमागे, विटेच्या पोटात खडे धरते. खडा धरताना मीठ फुगते आणि त्या जोराने आधी रंगाचे फोड येतात, मग पोपडे निघतात, शेवटी विटेचा दर्शनी भाग भुगा होऊन गळतो. बाहेरची वाट बंद झालेली ओल घराच्या आत वळते ती वेगळीच. पलंगामागच्या भिंतीला बुरशी, कपाटातल्या कपड्यांना वास आणि घरात दम्याचे माणूस असेल तर त्याचे हाल. बाहेरून चकचकीत आणि आतून ओले, अशी घरे वाचकांनीही पाहिली असतील.

जुन्या गवंड्यांना हे गणित पाठ होते. विजापूरचा गोल घुमट १६५६ च्या सुमाराचा. सुमारे ३८ मीटर व्यासाचा तो घुमट विटांचा आहे, चुन्यात बांधलेला, आणि गिलावाही चुन्याचाच. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला. त्याच्या तटाला खाली दगड आणि वर वीट आहे. जमिनीची ओल दगडातून सहजासहजी वर चढत नाही आणि चुना आत शिरलेले पाणी कोंडून ठेवत नाही. आपल्या दोन खोल्यांच्या घराला एवढ्या मोठ्या इमारतींचे दाखले कशाला, असे कुणी म्हणेल. पण मीठ आणि पाणी बादशहाचे घर आणि घरकुल यांत फरक करत नाहीत.

तेव्हा आधी भिंत तपासावी. पांढरे दिसते ते मीठ आहे की बुरशी, हे कळायला थोडी भुकटी पाण्याच्या थेंबात टाकावी. बरेचसे मीठ विरघळते, बुरशी विरघळत नाही. ओल आहे का हे पाहायला हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून एक दिवस ठेवावा. काढताना आतल्या बाजूला दव दिसले तर भिंत अजून ओली आहे, रंगाला हात लावू नये. लोणा नेहमी कोरड्या खराट्याने झाडावा, धुऊ नये. धुतले की मीठ पाण्यात विरघळून पुन्हा विटेत शिरते आणि आठवड्याने परत हजर होते. आणि मुख्य म्हणजे पाणी कुठून येते ते शोधावे. मोरीचे पाणी जोत्याशी मुरते का, स्लॅबच्या पागोळ्या थेट भिंतीवर पडतात का, मागच्या उसाचे पाणी भिंतीला टेकते का? सांडपाण्याला एक साधी पन्हळ आणि घराभोवती बाहेर उतार दिलेला दोन फुटांचा कोबा, एवढ्यावर निम्मे काम होते. या खर्चाने घर सुंदर दिसत नाही, म्हणून तो कुणी करत नाही.

दुसरे काम दर्जा भरण्याचे. पावसाचे पाणी विटेपेक्षा विटांमधल्या सांध्यातून जास्त आत येते, विशेषतः भिंत एकाच विटेच्या रुंदीची, चार इंची असेल तर. सांध्यातला सुटा माल अर्धा इंच खोल खरवडावा, धुळीचा कण राहू देऊ नये, सांधा भिजवावा आणि मग एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा मऊ माल दाबून भरावा. वाळू धुतलेली, पाणी शक्यतो पिण्याचे. नुसत्या सिमेंटचा कडक माल मऊ विटेला मानवत नाही. सांधा टिकतो आणि वीट झिजते. दर्जा नीट भरलेली, झाडून स्वच्छ केलेली पक्क्या विटेची भिंत मुळात देखणीच असते. केरळात आयुष्य घालवलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी साध्या माणसांची असंख्य घरे गिलाव्याशिवाय, उघड्या विटेची बांधली. उघडी वीट म्हणजे अपुरे घर, ही समजूत आपण सोडली तर पुष्कळ घरांचा प्रश्न इथेच मिटेल.

पण वीट कच्ची असेल, रंगात विसंगत असेल, किंवा घरच्यांना रंग हवाच असेल, तर आमची पहिली पसंती चुन्याला. कळीचा चुना पाण्यात विरवून, वर पाणी राहील असा झाकून आठवडाभर मुरवावा, फडक्यातून गाळावा आणि दुधासारखा पातळ करावा. गच्च लावायचा मोह टाळावा. भिंत आधी पाण्याने ओलसर करून पातळ तीन-चार हात द्यावेत, रोज एक. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो, म्हणून पहिल्या दिवशी फिका दिसला तरी आठवड्यात उजळतो. त्याला सावकाश वाळू द्यावे. भर उन्हात लावलेला चुना हाताला लागतो. चिकटपणासाठी डिंक किंवा सरस घालतात. काही जण मीठही घालतात. ते आपल्या खारवट भागात अजिबात घालू नये.

रंग हवा तर गेरू, पिवळी माती किंवा दुकानात मिळणारे लोहाचे लाल, पिवळे, काळे ऑक्साइड चुन्यात टिकतात. गेरू घातलेला पातळ चुना विटेवर दिला तर वीट झाकली जात नाही; तिचा रंग एकसारखा होतो आणि पोत तसाच राहतो. यालाच डाग देणे म्हणता येईल, आणि विटेच्या घराला तेच सर्वांत शोभते असे आम्हाला वाटते. हिरव्याच्या शौकिनांनी जरा सांभाळावे. स्वस्त हिरवे रंग चुन्यात महिनाभरात विटतात. क्रोम ऑक्साइडचा मातकट हिरवा तेवढा टिकतो. जुने लोक चुन्यात मोरचूद घालून निळसर हिरवा आणत. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांनी तो रंग पानांवर पाहिलेला असतो. पण मोरचूद विषारी आहे, लहान मुलांच्या घरात तो नकोच.

चुना विरताना उकळतो आणि उडतो. तो डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. भांडे मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे, कळी पाण्यात थोडी थोडी टाकावी, चष्मा आणि हातमोजे घालावेत. थेंब डोळ्यात गेलाच तर लगेच पंधरा-वीस मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन थेट दवाखाना गाठावा.

बाजारातल्या इतर रंगांविषयी थोडक्यात. भुकटीचा सिमेंट पेंट स्वस्त पडतो आणि विटेला धरतो, पण लावल्यावर दोन-तीन दिवस पाणी मारावे लागते. ॲक्रिलिक इमल्शन कोरड्या, मिठाचा मागमूस नसलेल्या भिंतीवर चांगला चालतो. ओल्या भिंतीवर नाही. लांब मुदतीच्या वॉरंटीची जाहिरात पाहून भुलण्याआधी त्या कागदावर ओल आणि क्षार यांबद्दल काय अटी आहेत ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे. जर्मनीत १८७८ मध्ये पेटंट मिळालेला सिलिकेट रंग वीट-दगडाशी एकजीव होतो आणि ओल कोंडत नाही, पण तो महाग आहे आणि खेड्यात सहज मिळत नाही. वीट उघडीच ठेवून पाणी अडवायचे असेल तर सिलेन-सिलोक्सेनचा पारदर्शक द्रव मिळतो. चकाकणारे वॉर्निश मात्र विटेवर कधीही मारू नये.

दारे-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटविषयीही सांगायला हवे. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे बरेच असू शकते आणि ते मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा, त्या वेळी मुले आणि गरोदर बाई घरात नसाव्यात.

राहिला प्रश्न मुहूर्ताचा. आपल्याकडे रंग ईदच्या हिशेबाने काढतात, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०१५ ते २०१७ या काळात ईद-उल-फित्र जून-जुलैत आली. तेव्हा भर पावसाळ्याच्या तोंडावर दिलेला रंग किती टिकला ते ज्याचे त्याला ठाऊक. २०२६ ते २०२८ मध्ये ती फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे अगदी योग्य वेळ. इंदापूरला परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराने येतो. तो संपला की भिंत दोन महिने वाळू द्यावी, डिसेंबरात दर्जा भराव्यात, जानेवारीत चुन्याचे हात द्यावेत. रोज ऊन ज्या बाजूला नाही त्या बाजूने काम करावे: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. रमजान सुरू होण्याआधी काम उरकले तर रोजे धरून घासाघीस करायची वेळ कुणावर येत नाही.

काम कुणाला द्यायचे असेल तर आधी मागच्या भिंतीचा एक चौरस मीटर तुकडा करून घ्यावा आणि पंधरा दिवस थांबावे. हाताला पांढरे लागते का, कडेने फोड येतो का, तिन्हीसांजेला रंग कसा दिसतो, हे घरातल्या सर्वांनी पाहावे. पुढच्या भिंतीचे पैसे त्यानंतर ठरवावेत.