पहिल्या मिनिटाचे दहा गुण

बाळ जन्माला आले की प्रसूतिगृहाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा की मुलगी? आत मात्र त्या क्षणी डॉक्टर व परिचारिका यांचे लक्ष निराळ्याच प्रश्नांकडे असते. बाळ श्वास घेत आहे काय? त्याचे हृदय पुरेशा गतीने चालले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे एका लहानशा आकड्यात नोंदविण्याची पद्धत जगभरच्या रुग्णालयांत रूढ आहे. तिला ‘ॲपगार गुणांकन’ असे म्हणतात. प्रसूतीच्या कागदावर ‘८/१०’ किंवा ‘९/१०’ अशी जी नोंद आढळते, ती याच पद्धतीची होय.

आकड्यापूर्वीची स्थिती

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रसूतीनंतर साऱ्यांचे लक्ष प्रामुख्याने मातेकडे असे. नवजात अर्भकाची प्रकृती कशी आहे, हे सांगण्यास सर्वांना मान्य होईल असे मोजमाप नव्हते. बाळाने पहिला श्वास केव्हा घेतला आणि ते केव्हा रडले, एवढ्यावरून अंदाज बांधला जाई. परंतु एक श्वास घेऊन पुन्हा निपचित पडणाऱ्या बाळाची नोंद कशी करावयाची? एका डॉक्टरच्या दृष्टीने जे बाळ ‘बरे’, तेच दुसऱ्याच्या दृष्टीने ‘अशक्त’ ठरे. अशा शब्दांवरून ना उपचारांची तुलना करता येत होती, ना चुका उमगत होत्या.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भूलशास्त्राच्या प्राध्यापिका असलेल्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार (१९०९-१९७४) यांनी ही उणीव हेरली. प्रसूतीच्या वेळी मातेला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९५२ साली त्यांनी आपली पद्धत मांडली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध झाली.

पाच लक्षणे, दहा गुण

या पद्धतीत पाच लक्षणे पाहिली जातात : हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंची ताकद, उत्तेजनाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येक लक्षणाला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. हृदयाचे ठोके मुळीच नसल्यास शून्य, मिनिटाला शंभरपेक्षा कमी असल्यास एक आणि त्याहून अधिक असल्यास दोन गुण. बाळ जोराने रडत असेल तर श्वसनाचे दोन गुण. श्वास मंद व अनियमित असेल तर एक. हातपाय हलविणाऱ्या बाळाला स्नायूंचे दोन गुण, तर अगदी ढिल्या पडलेल्या बाळाला शून्य. अशी बेरीज दहापर्यंत जाते. सात ते दहा गुण समाधानकारक मानतात. तीन किंवा त्याहून कमी गुण चिंताजनक समजले जातात.

या आकड्याला अर्थ आहे, हे ॲपगार यांच्या पहिल्याच लेखावरून दिसून आले. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या ज्या बाळांना शून्य ते दोन गुण मिळाले होते, त्यांच्यापैकी शेकडा १४ दगावली. तीन ते सात गुणांच्या गटात हे प्रमाण शेकडा १.१ होते, तर आठ ते दहा गुणांच्या गटात ते हजारी एकाच्या आसपास होते.

या पद्धतीत दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. डोळे, कान, हात आणि घड्याळ पुरेसे होते. दुसरी म्हणजे, ज्याने प्रसूती केली त्यानेच गुण देऊ नयेत, असा ॲपगार यांचा आग्रह होता. आपल्या हातून झालेल्या कामाकडे माणूस नकळत उदार दृष्टीने पाहतो. हा नियम केवळ रुग्णालयापुरता नाही, हे कोणत्याही कामाच्या तपासणीशी संबंध आलेल्या वाचकांना सहज पटेल.

गुण म्हणजे निकाल नव्हे

पहिली नोंद एका मिनिटाने व दुसरी पाच मिनिटांनी केली जाते. पाच मिनिटांचे गुण सातपेक्षा कमी असल्यास दर पाच मिनिटांनी, वीस मिनिटांपर्यंत, पुन्हा नोंद करतात. पहिल्या वेळी चार गुण मिळालेल्या बाळाला पुढे नऊ मिळाले, तर दिलेल्या उपचाराचा गुण आला असे समजावे.

मात्र जे बाळ श्वास घेत नाही, त्याला मदत देण्यासाठी गुणांची बेरीज होईपर्यंत थांबावयाचे नसते. त्याला तत्काळ कोरडे करून ऊब देणे व गरज पडल्यास मास्क-पिशवीच्या साहाय्याने श्वास देणे, हे काम पहिल्या मिनिटातच सुरू व्हावे लागते. बाळाला उलटे टांगून थोपटण्याची जुनी रीत तर सर्वथा टाळावयास हवी.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे स्नायू मुळातच शिथिल असल्याने त्याला गुण कमी पडतात. रंगाचे लक्षण सर्वांत असमाधानकारक आहे, हे खुद्द ॲपगार यांनीच नमूद केले होते. निरोगी बाळाचे तळहात व तळपायही जन्मतः काही काळ निळसर असतात. सावळ्या वर्णाच्या बाळाच्या बाबतीत ओठ व जीभ पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. सर्वांत महत्त्वाचे हे की, केवळ या गुणांवरून एखादे मूल पुढे हुशार होईल की मंद, हे सांगता येत नाही. शिक्षकांना हे वेगळे सांगावयास नको. गुण हे पुढे काय करावयाचे ते ठरविण्यासाठी असतात, कोणाच्या भवितव्यावर शिक्का मारण्यासाठी नव्हेत.

शुद्धीचे मोजमाप

हेच तत्त्व पुढे इतर क्षेत्रांतही उपयोगी पडले. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाबद्दल ‘अर्धवट शुद्धीवर’, ‘गुंगीत’ असे मोघम शब्द वापरले जात. १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील डॉ. ग्रॅहम टीझडेल व डॉ. ब्रायन जेनेट यांनी त्यासाठी श्रेणी सुचविली. रुग्ण डोळे केव्हा उघडतो याला चारपर्यंत, बोलण्याला पाचपर्यंत आणि हालचालीला सहापर्यंत गुण असतात. एकूण गुण किमान तीन व कमाल पंधरा. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे स्थिती गंभीर. समजा, अपघातातील जखमीचे गुण सायंकाळी चौदा होते व रात्री ते अकरा झाले, तर मेंदूची स्थिती बिघडत आहे हे तालुक्याची परिचारिका जिल्ह्याच्या डॉक्टरांना दूरध्वनीवरूनही नेमकेपणाने सांगू शकते.

घरापर्यंत पोहोचलेली कसोटी

प्रसूतिगृहातील गुणांकन पाच-दहा मिनिटांत संपते. बाळाचा धोका मात्र तेथे संपत नाही. घरी गेल्यावर त्याच्याकडे पाहणार कोण? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना नवजात अर्भकाच्या काळजीचे शिक्षण दिले. बाळाने दूध ओढणे कमी करणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे, अंग थंड लागणे, छाती आत ओढली जाणे, पोट फुगणे वा उलट्या होणे, बेंबीत पू होणे अशी मोजकी लक्षणे ठरविण्यात आली. यांपैकी कोणतीही दोन एकत्र दिसल्यास जंतुसंसर्ग समजून उपचार करावयाचा, अशी ही साधी कसोटी होती. या गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ पासून देशभर राबविण्यात येत असून, रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यावयाच्या असतात.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावात या भेटी ठरल्या दिवशी होतात किंवा नाही, याची विचारपूस करावी. शिक्षकांनी वरील लक्षणे पालकसभेत समजावून सांगावीत. त्यांतील एक जरी लक्षण दिसले, तरी विलंब न लावता आरोग्य कर्मचाऱ्यास कळविणे श्रेयस्कर. आरोग्य केंद्रास भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रसूतीच्या नोंदवहीतील गुणांचा रकाना जरूर पाहावा. प्रत्येक बाळापुढे न चुकता ‘९/१०’ असाच आकडा असेल, तर बाळाकडे न पाहता रकाना भरला जात आहे काय, असे विचारावे. रकाना भरणे सोपे आहे. पण त्या आकड्यामागे बाळाकडे खरोखर पाहणारी नजर असेल, तरच तो आकडा एखादा जीव वाचवू शकतो.