जुनी फियाट ‘व्हिंटेज’ कधी ठरते?

गिरगावच्या गल्लीत जपलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट पन्नाशी ओलांडली की आपोआप ‘व्हिंटेज’ होते का? नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेला हवा, शिवाय चॅसी, बॉडी आणि इंजिनही मूळचंच हवं. मायलेजसाठी कधीकाळी डिझेल इंजिन बसवलं असेल, तर घोडं तिथेच अडतं. म्हणून अर्जाआधी चॅसी आणि इंजिनवरचे नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा, त्यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात, मुदत १० वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही मोठीच सोय. मात्र अशी गाडी रोज दादरला भाजी आणायला नेता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच ती रस्त्यावर काढता येते.