बांधावरची बाभूळ, रानातला कडबा

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्यानं निघालं की वडकबाळला सीना लागते, त्यानंतर मंद्रूप. तेरामैल मागे टाकून टाकळीपाशी भीमा ओलांडली की कर्नाटक. दोन नद्यांच्या मधला हा दक्षिण सोलापूरचा पट्टा. घराघरांत मराठी आणि कानडी, रानात काळी माती आणि पिढ्यान् पिढ्या भरवसा परतीच्या पावसावर. झाड, पीक आणि जनावर यांची या रानातली जोड गेल्या नव्वद वर्षांत कशी सुटत गेली, हे पाहू लागलं की दर वळणावर एकच गोष्ट आडवी येते, ती म्हणजे वैरण. वैरणीचा हिशेब जिथं जिथं चुकला, तिथं तिघंही एकमेकांपासून दुरावले.

1933 मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्याच सुमारास जवळच्या मोहोळला गावरान ज्वारीतून निवडलेली मालदांडी 35-1 पुढे आली. लोकांनी ती उचलली टपोऱ्या दाण्यासाठी आणि तितकीच कडब्यासाठी. उत्तरा-हस्तात पेरायची आणि माघ-फाल्गुनात मुळासकट उपटून काढायची. दाणे कणगीत, पेंढ्या गंजीत. त्या गंजीवर खिल्लार बैलजोडी आणि एखाददुसरी म्हैस वर्ष काढायची. त्यांचं शेण उकिरड्यात कुजायचं आणि पेरणीआधी पुन्हा रानात जायचं. ज्वारीत तुरीचे तास असायचे. कडेनं करडईच्या दोन ओळी असायच्या, तिच्या काट्यांमुळे चुकार जनावर आत शिरत नसे. वेळा अमावस्येला ज्वारी ऐन भरात असते. त्या दिवशी सगळं घर आजही रानात येतं, कडब्याची खोप उभारतं, पांडव पूजतं आणि आंबील-भज्जी जेवतं.

झाड होतं ते बांधावर आणि मुख्यतः बाभळीचं. त्यातही रामकाठीला मान. मिटलेल्या छत्रीसारखी ती सरळ वर जाते, म्हणून पिकावर सावली फारशी पडत नाही. कुळवाचं दांड, गाडीची चाकं, खोपटाची मेढ, सगळं तिच्यातूनच. पण बाभळीचं खरं मोल कळायचं चैत्र-वैशाखात. रानात हिरवं पान नसतं, कडब्याची गंज खाली आलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी शेंगा पिकतात. बाई आकडी घेऊन फांदी हलवते, मण्यांच्या माळेगत चपट्या करड्या शेंगा खाली पडतात आणि उस्मानाबादी शेरडं त्या वेचून खातात. शेंगेचा गर पचतो, बी पचत नाही. टणक कवचाचं ते बी पोटातून मऊ होऊन लेंडीवाटे बाहेर येतं आणि लेंडीखताबरोबर रानात पोहोचतं. पिकात उगवलेलं रोप खुरप्यानं निघतं, बांधावरचं तेवढं तगतं. वनखात्याच्या लोकांनीही बाभळीच्या पेरणीसाठी शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातलं बी पसंत केलं, कारण ते लवकर रुजतं. म्हणजे शेळी झाड खात होती आणि झाड लावतही होती. ही गोष्ट सरकारी वृक्षलागवडीच्या कागदात कधी नीट उतरली नाही. तिथं शेळीचं नाव आलं ते शत्रू म्हणून.

सुगी झाली की धनगर यायचे. मोकळ्या रानात खतासाठी दख्खनी मेंढ्यांचा कळप रात्री बसवायचा आणि त्या बदल्यात धान्य द्यायचं, असा जुना व्यवहार होता.

1972 च्या दुष्काळानं या घडीला पहिला मोठा तडाखा दिला. लोक दुष्काळी कामांवर दगड फोडायला गेले, जनावरं मिळेल त्या भावानं विकली गेली आणि उरलेल्यांसाठी बांधावरची झाडं ओरबाडली गेली. त्या कामांतून उभी राहिलेली रोजगार हमी पुढे 1977 मध्ये कायदा झाली. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते झाले. वैरणीचं मात्र कायमचं काही झालं नाही.

1980 च्या सुमारास उजनी धरण पुरं झालं. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी भीमेतून टाकळी-औजपर्यंत पाणी सुटू लागलं आणि नदीकाठच्या मोटारींनी ते उसाकडेही वळवलं. उसाला रान वर्षभर अडकतं, मग मेंढ्या कुठं बसवणार? उसाचं वाढं जनावराला मिळतं, पण गळीत हंगामापुरतं. काठापासून आत गेलं की पुन्हा कोरडवाहू रान लागतंच.

त्याच दशकात, 1982 मध्ये, राज्यात सामाजिक वनीकरण खातं आलं आणि सुबाभळीची लाट उसळली. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं ती चाऱ्यासाठी पुढे आणली होती आणि कल्पना चांगलीच होती. पण नुसतीच सुबाभूळ घातली की तिच्यातल्या मिमोसिननं जनावराचे केस गळतात, हे लागवडीच्या घाईत सगळ्यांपर्यंत पोहोचलं नाही. पुढे तिच्यावर कीड आली आणि बी उधळून ती नको तिथं उगवू लागली, तेव्हा लोकांनी तिला तण ठरवलं. मला हा निवाडा घाईचा वाटतो. सोलापूरच्या केंद्रावर वर्षानुवर्षं चाललेल्या चाचण्यांत रब्बी ज्वारीला निम्मं नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मं युरियातून दिलं, तर पीक चांगलं येतं असं दिसलं. त्या झाडाची जागा बांधावर, विळ्याच्या धाकात होती. ते मोकाट सुटलं, तो दोष लावणाऱ्यांचा.

1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि जिल्हाभर डाळिंब, बोर, द्राक्षं पसरली. आधी गणेश, मग भगवा. 2005 मध्ये डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच झालं आणि 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. या बागांनी कित्येक घरं वर आणली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण झाड रानात परतलं ते तारेच्या कुंपणाआड. बागेत शेरडू शिरलं तर कोवळी पालवी उरत नाही. फवारणीच्या दिवसांत तिथलं गवतही जनावराला घालता येत नाही. तेल्या रोगानं बागा काढाव्या लागल्या, तेव्हा अनेकांच्या हातात ना बाग उरली ना दावणीला जनावर.

यापेक्षा खोल बदल ट्रॅक्टरनं केला. बैल गेला, मग घरचा कडबा कुणासाठी? ज्वारी उपटायला माणूस मिळेना, तिच्या जागी तूर आणि हरभरा वाढला. तुरीचं भुसकट शेळ्या खातात, पण कडब्याची बरोबरी त्याला नाही. संकरित गायींना मका आणि हत्ती गवत लागतं, त्यांना पाणी लागतं. 2012-13 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या आणि दावणीत पडला तो ऊस. ज्वारीच्या मुलखात जनावरं उसावर जगवावी लागली, हे मला त्या वर्षातलं सर्वांत बोचरं चित्र वाटतं.

2014 मध्ये देशानं कृषिवानिकीचं राष्ट्रीय धोरण स्वीकारलं. 2018 पासून राज्यात रोजगार हमीतून बांधावर आणि शेतात झाडं लावता येतात. धोरण आलं, पण वाटण्या होऊन बांध इतका अरुंद झाला आहे की दोन भावांत झाडाच्या सावलीवरून भांडण लागतं. गिरीपुष्प त्यातल्या त्यात तगतं. त्याच्या वासामुळे शेळी आधी त्याला तोंड लावत नाही आणि छाटलेला पाला मातीला नत्र देतो. शेवरी आणि हादगा तर पानमळ्यांनी पूर्वीच पारखलेले आहेत. वेलीला आधार आणि जनावराला पाला, अशी दोन कामं एकच झाड करतं.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला मोठा पूर आला आणि काठच्या रानांतली माती खरडून गेली. त्या जमिनींत गाळ भरला जाईल, बांध नव्यानं घातले जातील. हे बांध एकट्यादुकट्यानं घालण्यापेक्षा शेजाऱ्यांनी मिळून हातभर रुंद धरावेत. त्यांवर गिरीपुष्पाच्या आड रामकाठी लावावी, विहिरीच्या बाजूला शेवरी आणि हादगा. पहिली दोन-तीन वर्षं राखणीची मजुरी रोजगार हमीतून गावातल्या शेरडं राखणाऱ्या बायकांनाच द्यावी. कोणत्या झाडाला किती उंच झाल्यावर तोंड लागू द्यायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.