ट्रॉलीचा टायर रस्त्यात बसला? जॅक लावण्याआधी हे वाचा

ऊसतोड सुरू झाली की कारखान्याच्या रस्त्यावर टायर बसलेली ट्रॉली रोज दिसते. मागं गाड्यांची रांग, खेप चुकायची भीती, मग भरल्या ट्रॉलीलाच जॅक लावला जातो. अपघात होतो तो इथंच.

जमलं तर आधी ऊस उतरवा. मजुरी जाते, वेळ जातो, कबूल आहे. पण मऊ साइडपट्टीवर जॅक कधी रुतेल याचा भरवसा नाही. खाली जाड फळी ठेवा, जॅक अ‍ॅक्सललाच लावा. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हॅण्डब्रेक ओढलेला, पलीकडच्या चाकाला पुढून-मागून दगड. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरपासून अजिबात सोडू नका, उलटते. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, मगच उचलायचं. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरायचं नाही, ठोकळे लावा.

दुसरा धोका हवेचा. लॉक रिंगची डिस्क असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच नटाला हात लावा. हवा भरताना नीट न बसलेली रिंग गोळीसारखी सुटते. त्यामुळं समोर उभं राहू नका, लांब पाइप घ्या, बाजूला थांबा. ट्रॅक्टरचा मोठा टायर डिस्कवर बसत नसेल तर 35 पौंडांच्या वर हवा मारू नका. हवा सोडा, कडेला साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. गेज नसलेल्या ठिकाणी हे काम करूच नये.

पंक्चर काढल्यावर दोन दिवसांत परत बसतो, अशी तक्रार बरेच जण करतात. बहुतेक वेळा बाभळीचा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूब घालण्याआधी आतून फडकं फिरवा, काटा असेल तिथं ते अडकतं.

ट्रॅक्टरचा मागचा टायर बसवताना बाजूवरचा बाण पुढच्या दिशेनं फिरला पाहिजे. मागं उभं राहून पाहिलं तर नक्षीचं टोक वर दिसतं. उलटा बसला तर चिखलात चाक नुसतं फिरतं.

नट गोल फिरत नाही, समोरासमोरचे आवळा. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा पाना लावा, एखादा तरी ढिला सापडतो.