नित्यकर्माचा अर्थ
फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणनजीकच्या लष्करी छावणीच्या बराकींत आश्रय मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव प्राप्त झाले, तेव्हा जमीनजुमला व दस्तऐवज मागे टाकून आलेल्या त्या माणसांनी जीवनाच्या प्रयोजनाची चर्चा करीत न बसता पापड लाटले, कापड विकले, दुकाने थाटली, आणि मला वाटते, त्या नित्यकर्मातच त्यांना जगण्याचा अर्थ गवसला. नित्यकर्माचे असेच मोल अंबरनाथलाही जाणवते: तेथील १०६० सालच्या शिवमंदिराचे श्रेय शिलाहार राजांकडे जात असले, तरी पाषाणावर दररोज छिन्नी चालविणारे कारागीर अनामच राहिले. बदलापूरहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या वाचकांनी स्वतःच्या श्रमांकडेही आदराने पाहावे, ही कळकळीची विनंती.