कूपर्सटाउन येथील बेसबॉल-इतिहासाचे संशोधन-ग्रंथालय

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात ऑट्सेगो सरोवराच्या दक्षिण टोकाशी कूपर्सटाउन हे लहानसे गाव वसलेले आहे. जेम्स फेनिमोर कूपर या कादंबरीकाराच्या वडिलांनी ते वसविले, म्हणून त्यास हे नाव. या गावात १२ जून १९३९ रोजी बेसबॉलच्या राष्ट्रीय कीर्तिमंदिराचे व संग्रहालयाचे उद्घाटन झाले. प्रतिवर्षी येणारे असंख्य प्रेक्षक तेथील कांस्य स्मृतिफलक, जुन्या काठ्या व चेंडू पाहून परततात. त्याच संस्थेचे जे ग्रंथालय आहे, तिकडे वळणारे थोडे. तथापि खेळाच्या इतिहासाकडे इतिहासशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्यास या संस्थेतील खरा महत्त्वाचा भाग तोच होय.

हे ग्रंथालय याच गावी का, या प्रश्नाचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. कारण ते एका दंतकथेत सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसबॉलच्या उगमाविषयी दोन पक्ष होते. इंग्लंडात जन्मलेला वृत्तलेखक हेन्री चॅडविक याच्या मते हा खेळ ‘राउंडर्स’ या इंग्रजी खेळातून निघाला. पूर्वीचा नामांकित खेळाडू व खेळाच्या साहित्याचा कारखानदार अल्बर्ट स्पॉल्डिंग याला हे मान्य नव्हते. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ अमेरिकेच्याच भूमीत जन्मला असला पाहिजे, असा त्याचा आग्रह. १९०५ साली ए. जी. मिल्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. ॲबनर ग्रेव्हज नावाच्या खाण-अभियंत्याने डेन्व्हरहून पत्र धाडून कळविले की, ॲबनर डबलडे याने कूपर्सटाउन येथे या खेळाची आखणी केली. ३० डिसेंबर १९०७ च्या निवेदनात समितीने ही साक्ष स्वीकारली व १८३९ हे जन्मवर्ष ठरविले.

साधनांची परीक्षा कशी करू नये, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल. साक्षीदार एकच, घटनेनंतर सहासष्ट वर्षांनी दिलेली साक्ष, आणि १८३९ साली त्याचे वय अवघे पाच वर्षांचे. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता. पुढे यादवी युद्धात नाव मिळविलेल्या या सेनानीने आपण हा खेळ शोधला असा दावा कोठेही केलेला नाही, आणि १८९३ मध्ये मृत्यू पावल्यामुळे समितीस त्याला विचारण्याचीही सोय उरली नव्हती. असे असूनही निर्णय लोकांस रुचला. १९३४ साली जवळच्या फ्लाय क्रीक येथे एका जुन्या पेटीत उसवलेला चेंडू सापडला, तेव्हा तो डबलडेचाच असे मानले गेले. शिवणयंत्रांच्या सिंगर कारखान्याच्या संपत्तीचे वारसदार स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरना विकत घेतला. त्या चेंडूभोवती संग्रह वाढला आणि कल्पित जन्माच्या शताब्दीस कीर्तिमंदिर उघडले.

या कथेचा पाया उखडणारा मनुष्य ग्रंथपाल असावा, हे या विषयाच्या अभ्यासकास समाधान देणारे आहे. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील रॉबर्ट हेंडरसन यांनी दाखवून दिले की, १८२८ साली लंडनमध्ये छापलेल्या मुलांच्या पुस्तकातील राउंडर्सचे नियम १८३४ च्या एका अमेरिकन पुस्तकात जवळजवळ जसेच्या तसे, मात्र ‘बेस किंवा गोल बॉल’ या नावाखाली, उतरले होते. त्यांचा ग्रंथ १९४७ साली निघाला. पुढे २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावाचा १७९१ सालचा ठराव प्रकाशात आला. सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्याच्या ऐंशी यार्डांच्या आत जे खेळ खेळण्यास त्यात मनाई केली आहे, त्यांत बेसबॉलचे नाव स्पष्ट आहे. कूपर्सटाउनची संस्थाही आज डबलडेची कथा दंतकथा म्हणूनच सांगते.

ग्रंथालयास संशोधनाचे वळण लागले ते तेथील इतिहासकारांच्या श्रमाने. १९५९ ते १९६९ या काळात ली ॲलन या पदावर होते. त्यांनी आपला स्वतःचा ग्रंथसंग्रह येथे आणलाच, शिवाय एक-दोन सामने खेळून विस्मृतीत गेलेल्या शेकडो खेळाडूंचे जन्म-मृत्यूचे तपशील पत्रव्यवहाराने व प्रवासाने गोळा केले. १९६८ मध्ये ग्रंथालयास स्वतंत्र इमारत मिळाली. १० ऑगस्ट १९७१ रोजी सोळा अभ्यासकांनी याच ग्रंथालयात जमून अमेरिकन बेसबॉल संशोधनाची संस्था स्थापन केली. आजच्या संशोधन-कक्षास बार्टलेट जियामाटी यांचे नाव आहे. प्रबोधनकालीन युरोपीय वाङ्मयाचा हा प्राध्यापक येल विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९८९ मध्ये काही महिने बेसबॉलचा आयुक्त होता. त्या पदावर असतानाच त्याचे निधन झाले.

संग्रहात सुमारे तीस लक्ष कागदपत्रे व अडीच लक्षांवर छायाचित्रे आहेत. वरिष्ठ संघांतून एकदा जरी मैदानात उतरला असेल, तरी अशा प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक फाइल येथे असते व तीत कात्रणे, पत्रे, प्रश्नावल्यांची उत्तरे ठेवलेली असतात. महायुद्धाच्या काळातही खेळ चालू राहावा असे सुचविणारे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे १५ जानेवारी १९४२ चे पत्रही येथेच आहे. परंतु अशा दर्शनीय पत्रांहून संशोधकास मोलाच्या वाटतात त्या संघटनांच्या दैनंदिन नोंदींच्या खतावण्या. क्रिकेटचे वृत्तलेखन करणाऱ्या चॅडविकने धावफलकाची पद्धत बेसबॉलमध्ये रुजविली. तेव्हापासून या खेळाचा इतिहास मुख्यतः आकड्यांत लिहिला गेला, आणि आकडा कितीही छापला गेला तरी तो अखेरीस कोणा कारकुनाच्या हातच्या नोंदीवर उभा असतो.

याची दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. १९१० साली टाय कॉब व नॅप लाजोई यांच्यात फलंदाजीच्या सरासरीसाठी चुरस होती. विजेत्यास मोटारगाडी मिळावयाची होती. सरासरी कॉबची ३८५ व लाजोईची ३८४ ठरली. (मोटारगाडी मात्र कारखानदाराने दोघांसही दिली.) सुमारे सात दशकांनंतर खतावणी तपासणाऱ्यांस आढळले की, कॉबच्या एका सामन्यातील दोन फटके दोनदा नोंदले गेले आहेत. ही नोंद वगळली तर मान लाजोईकडे जातो आणि कॉबचे आयुष्यातील एकूण फटके ४,१९१ ऐवजी ४,१८९ होतात. १९८१ मध्ये आयुक्तांनी ही दुरुस्ती नाकारली. दुसरे उदाहरण हॅक विल्सनचे. १९३० च्या हंगामात त्याच्या फटक्यांमुळे संघास मिळालेल्या धावा १९० मानल्या जात. २८ जुलैच्या दुसऱ्या सामन्यातील त्याची एक धाव चुकून चार्ली ग्रिम या सहकाऱ्याच्या नावे गेल्याचे सिद्ध झाले. ती शंका १९७७ मध्ये एका वाचकाने कूपर्सटाउनच्या इतिहासकारांस पत्राने कळविली होती. १९९९ मध्ये आकडा अधिकृतपणे १९१ झाला. दोन्ही प्रकरणांत पुरावा एकाच प्रकारचा होता. पहिल्यात तो निष्फळ ठरला, याचे कारण पुराव्याच्या दुर्बलतेत शोधण्यापेक्षा जुन्या आकड्यास चिकटलेल्या कीर्तीत शोधणे अधिक युक्त होईल.

याहून गंभीर प्रश्न आहे तो खतावण्यांत ज्यांना स्थानच नव्हते त्यांचा. १९४७ पूर्वी सहा दशके कृष्णवर्णीय खेळाडूंस वरिष्ठ संघांत प्रवेश नव्हता. त्यांच्या स्वतंत्र संघटनांचे अधिकृत दप्तर फारसे सुरक्षित राहिले नाही. त्यामुळे ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कूरियर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांतून सामन्यागणिक नोंदी वेचाव्या लागल्या. कीर्तिमंदिराने २००१ मध्ये हाती घेतलेल्या विस्तृत अभ्यासाचा परिणाम म्हणून २००६ मध्ये सतरा व्यक्तींची निवड झाली. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधील अशा सात संघटनांस वरिष्ठ दर्जा मिळाला, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत सामील होताच कॉबची सरासरी मागे पडून जॉश गिब्सन ३७२ या सरासरीने अग्रस्थानी आला. त्या काळातील सामन्यांच्या सुमारे तीन-चतुर्थांश नोंदीच त्या वेळी हाती आल्या होत्या. जे सामने वृत्तपत्रांनी छापलेच नाहीत, किंवा छापूनही ज्यांचे अंक उरले नाहीत, त्यांची भर कूपर्सटाउनलाही घालता येणार नाही. उरलेल्या नोंदी सापडत जातील तसतशी गिब्सनची सरासरीही थोडीबहुत बदलत राहील.